मतदार-यादींतील स्त्रियांचीं नांवें

जुन्या मराठी दस्तऐवजांत विवाहित स्त्रीची नोंद करतांना आधीं तिचें नांव, मग 'कोम' हा शब्द व त्यापुढें पतीचें नांव लिहीत. पत्नीपणाचा उल्लेख होई, पण मूळ नांव लोपत नसे. स्त्रियांच्या राजकीय हक्कांचा इतिहास पाहतांना हीच कसोटी मतदार-याद्यांस लावावी, असें आम्हांस वाटतें.

ता. १८ डिसेंबर १९१७ रोजीं सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांचें शिष्टमंडळ मद्रासेस माँटेग्यूसाहेबांस भेटलें. १९१९ च्या कायद्यानें स्त्री-मताधिकाराचा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोंपविला. मद्रास व मुंबई येथील कौन्सिलांनीं १९२१ सालीं अनुकूल निर्णय दिला. परंतु मत मालमत्तेवर व करावर अवलंबून होतें, आणि मालमत्ता स्त्रीच्या नांवें क्वचितच असे. उमेदवारीची वाट तर १९२६ सालीं मोकळी झाली. त्याच वर्षीं कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रास कौन्सिलसाठीं उभ्या राहिल्या व थोडक्या मतांनीं पराभूत झाल्या.

१९३५ च्या कायद्यानें साक्षर स्त्रियांस, तसेंच पतीच्या मालमत्तेवरून पत्नीस, मत दिलें. स्त्री-मतदार सुमारें ६० लक्ष झाले. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकीं ६ जागा स्त्रियांसाठीं राखिल्या गेल्या. हक्क वाढला, पण पुष्कळांच्या बाबतींत तो पतीच्या नात्यानेंच आला.

प्रौढ मताधिकारानें ही अट गेली. रूढि मात्र राहिली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीं असंख्य स्त्रियांनीं परक्यास नांव न सांगतां 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशीच नोंद करविली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहींत. सुमारें ८ कोटि स्त्रियांपैकीं जवळजवळ २८ लक्ष, मुख्यतः उत्तर व मध्य हिंदुस्थानांतील, यादींतून गळल्या. त्यांचें मत बुडालें, ही हानि लहान नव्हे. तथापि त्या नोंदी कायम राहत्या तर नांव सांगण्याचें कारणच उरलें नसतें. म्हणून आम्ही तो निर्णय योग्य मानतों.

१९९३ पासून पंचायतींत स्त्रियांस एक-तृतीयांश व २०११ पासून महाराष्ट्रांत निम्म्या जागा आहेत. तरीहि 'सरपंचपती' हा शब्द गांवोगांव रूढ झाला. नांव यादींत व फलकावर आलें. निर्णय त्याच नांवाचा असतो कीं नाहीं, हें ग्रामसभांचीं इतिवृत्तें तपासून ठरवावें लागेल. अभ्यासकांनीं तीं जतन करावीं, अशी आमची विनंति आहे.