तळटीप : ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’

लिनक्स सर्व्हरवरची एखादी सेवा चालू आहे की बंद, हे विचारणारी ही आज्ञा ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थेचा भाग आहे. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ही व्यवस्था 2010 मध्ये पुढे आणली. 2015 मध्ये डेबियन 8 ने ती स्वीकारली. त्याआधी प्रत्येक सेवेची स्वतंत्र स्क्रिप्ट असे आणि बऱ्याच स्क्रिप्ट फाइलीत नोंदलेल्या प्रोसेस क्रमांकावर विसंबत. प्रोसेस कोसळली तरी फाइल मागे उरे आणि उत्तर फसवे निघे. सिस्टिमडी कर्नलच्या ‘सीग्रुप’मधून प्रोसेसचा माग ठेवते, म्हणून तिची साक्ष अधिक भरवशाची.

हिरवा ठिपका दिसला की नवखे निश्चिंत होतात. तिथे थांबू नये.

उबुंटूवर ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ची स्थिती विचारली, तर ‘ॲक्टिव्ह’पुढे ‘एक्झिटेड’ असे दिसते. ही सेवा नुसते आवरण आहे. खरा डेटाबेस आवृत्तीच्या क्रमांकासह वेगळ्या नावाने चालतो. तो कोसळला तरी आवरण हिरवेच राहू शकते. वाचकाने त्या दुसऱ्या नावाने पुन्हा विचारावे आणि खाली येणाऱ्या लॉगच्या शेवटच्या 10 ओळी जरूर वाचाव्यात; बिघाडाचे कारण बहुधा तिथेच सापडते. स्क्रिप्टमध्ये मात्र ‘इज-ॲक्टिव्ह’ सोयीचे, सेवा चालू असेल तर ते 0 परत करते.