औषधसंशोधनातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पीएच.डी. संशोधनाच्या संधी : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : औषधसंशोधन, कृत्रिम बुद्धिमत्ता, जैवमाहितीशास्त्र, पीएच.डी., बुलढाणा जिल्हा

प्रस्तावना :

असंख्य पदार्थांतून रोगावर नेमका परिणाम करणारा एखादाच पदार्थ निवडून काढणे, हे औषधसंशोधनाचे मूळ स्वरूप होय. ही निवड म्हणजे एक प्रकारची चाळणीच. पूर्वी ती प्रयोगशाळेत हाताने लावली जात असे; आज तिचा काही भाग कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आला आहे. त्यामुळे पीएच.डी. संशोधनास नवे क्षेत्र खुले झाले आहे. परंतु मोताळ्यासारख्या तालुक्यातील रसायनशास्त्राच्या वा औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरास या क्षेत्रात शिरकाव मिळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील औषधसंशोधनाचा इतिहास मार्गदर्शक ठरतो.

उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील औषधसंशोधनाच्या व संगणकशास्त्राच्या वाटचालीचा परामर्श घेणे.
२) कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे झालेला बदल स्पष्ट करणे.
३) ग्रामीण भागातील संशोधकांना उपलब्ध असलेल्या संधींचा शोध घेणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल महाविद्यालयातील तुटपुंज्या जागेत प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथे स्थिरावलेल्या या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. या प्रांतातील संघटित संशोधनाचा पाया असा एका निकडीतून घातला गेला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला. तेथील एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करून १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध जगासमोर आणले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे. नमुने गोळा करणे, सूक्ष्मजीव वाढविणे व एकेकाची परीक्षा घेणे, अशी ही कष्टसाध्य चाळणी होती.

दुसरा प्रवाह संगणकाचा. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत ६३व्या स्थानी होता. पश्चिम विदर्भातील एका खेड्यातून आलेल्या संशोधकाने देशाच्या संगणकविद्येला दिशा दिली, ही बाब या भागातील विद्यार्थ्यांनी विसरू नये.

हे दोन प्रवाह एकत्र आल्यास काय घडते, याचे उदाहरण २०२० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने दिले. तेथील संशोधकांनी २,३३५ रेणूंवरील प्रयोगांचे निष्कर्ष संगणकास शिकविले व त्याआधारे सुमारे ६,००० रेणूंची छाननी केली. त्यातून हॅलिसिन हा जिवाणूनाशक रेणू पुढे आला. पिंपरीच्या मातीत जे हाताने केले गेले, तेच येथे गणिताने केले गेले. मात्र संगणकाने निवड केल्यानंतरही त्या रेणूची परीक्षा जिवाणूंवर व उंदरांवर घ्यावीच लागली. तात्पर्य, चाळणी बदलली, तरी कसोटी प्रयोगशाळेचीच राहिली.

संधी व मर्यादा :

या संशोधनाची अनेक साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. १९७१ पासूनचे ‘प्रोटीन डेटा बँक’ व २००४ पासूनचे ‘पबकेम’ हे माहितीसंग्रह सर्वांना खुले आहेत. ‘अल्फाफोल्ड’ प्रणालीने वर्तविलेल्या वीस कोटींहून अधिक प्रथिनरचना २०२२ पासून खुल्या असून, तिचे प्रणेते डेमिस हसाबिस व जॉन जम्पर हे २०२४ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी आहेत. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने भारतीय औषधी वनस्पतींतील रसायनांचा संग्रह सिद्ध केला आहे. तसेच सीएसआयआरने २००८ मध्ये सुरू केलेल्या मुक्त औषधसंशोधन प्रकल्पात देशभरातील शेकडो विद्यार्थ्यांनी आपापल्या ठिकाणाहून क्षयाच्या जिवाणूवर काम केले. अंतर हा अडथळा राहत नाही, हे त्यातून दिसून आले.

बुलढाणा जिल्ह्यासाठी लोणारचे खाऱ्या व क्षारयुक्त पाण्याचे सरोवर हा अभ्यासविषय समोरच आहे. तेथील सूक्ष्मजीवांवर पूर्वीपासून संशोधन होत आले आहे. त्यांच्यातील रासायनिक द्रव्यांची संगणकीय छाननी व त्यानंतर प्रयोगशाळेतील पडताळणी, असा प्रबंधविषय घेता येण्याजोगा आहे. सरोवर परिसर अभयारण्य असल्याने नमुन्यांसाठी वनविभागाची परवानगी मात्र अनिवार्य ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार अंशकालीन पीएच.डी. करता येते व आंतरविद्याशाखीय विषयासाठी दुसऱ्या संस्थेतील सह-मार्गदर्शक घेता येतो. बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. तरीही रसायनशास्त्र जाणणारा मार्गदर्शक संगणकाशी अपरिचित आणि संगणक जाणणारा जीवशास्त्राशी अनभिज्ञ, ही मुख्य अडचण शिल्लक राहते. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्ता यशाइतकीच अपयशातून शिकते. अपयशी प्रयोगांची नोंद मात्र क्वचितच प्रकाशित होते.

निष्कर्ष :

१) औषधसंशोधनातील प्रगती सार्वजनिक संस्था, खुली साधने व चिकाटी यांतून झाली आहे.
२) कृत्रिम बुद्धिमत्ता निवडीचा वेग वाढविते, प्रयोगाची जागा घेत नाही.
३) ग्रामीण महाविद्यालयांनी रसायनशास्त्र, जीवशास्त्र व संगणकशास्त्र विभागांत संयुक्त मार्गदर्शनाची व्यवस्था करणे आवश्यक आहे.
४) अपयशी प्रयोगांच्या नोंदी जतन करणे, हे अल्पखर्चाचे परंतु मोलाचे योगदान ठरेल.

हाफकिन यांच्याजवळ अपुरी जागा होती आणि पिंपरीच्या संशोधकांजवळ मातीचे नमुने. साधनांची आजची उपलब्धता त्याहून कितीतरी अधिक आहे. उणीव आहे ती विद्याशाखांमधील भिंती ओलांडणाऱ्या मार्गदर्शनाची. ती भरून काढणे महाविद्यालयांच्याच हाती आहे.