चुणीदार फिल्टरची कुळकथा

हवा गाळणाऱ्या फिल्टरला चुण्या का घालतात? धूळ जास्त अडावी म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर हवा कमी अडावी म्हणून. नऊवारीच्या निऱ्यांसारखंच हे, कापड भरपूर आणि जागा कमरेपुरती.

यामागचा हिशेब हवेआधी पाण्यावर झाला. फ्रान्सच्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर १८५६ साली लिहिलेल्या ग्रंथात आंरी दार्सी या इंजिनिअरने तो मांडला: वाळूतून पाणी जितकं वेगानं न्यायचं, तितक्याच पटीत दाब वाढवावा लागतो. दाट तंतूंतून संथपणे जाणारी हवाही हेच पाळते. तेवढीच हवा दुप्पट कापडावर पसरली, की वेग निम्मा आणि अडथळाही निम्मा.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या हाती जर्मन गॅस-मुखवटे लागले. त्यांतल्या कागदात अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू होते. तोच धागा पकडून अमेरिकेने अणुबॉम्बच्या कारखान्यांतली किरणोत्सर्गी धूळ रोखणारे फिल्टर केले. मुखवट्यातून एका माणसाचा श्वास जातो, इथे अख्ख्या इमारतीची हवा. सपाट कागद लावायचा तर भिंतच लागली असती. म्हणून तो मागेपुढे दुमडून खोल चौकटीत बसवला. माझ्या मते खरी हुशारी घडीत नाही, दोन घड्यांमध्ये ठेवलेल्या नालीदार पट्टीत आहे. चुण्या एकमेकींना चिकटल्या, तर कागद असून नसल्यासारखा. आणि हावरटपणे चुण्या वाढवल्या, तर कापडातला अडथळा घटतो, पण चुण्यांमधल्या चिंचोळ्या वाटाच हवेला जाचू लागतात.

यातून पुढे आलेला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ठरलेल्या प्रवाहाला त्याचा अडथळा सुमारे इंचभर पाण्याच्या दाबाएवढा. ऐकायला किरकोळ, पण घरच्या पंख्याची तिथे मात्रा चालत नाही.

कोरोनाच्या २०२० सालात रिचर्ड कोर्सी या प्राध्यापकाने त्यावर तोड सुचवली. टेक्ससमधले फिल्टर-व्यावसायिक जिम रोझेन्थाल यांनी ती करून पाहिली. हेपापेक्षा विरळ, न विणलेल्या कापडाचे पाच चुणीदार फिल्टर चिकटपट्टीने जोडून डबा केला आणि त्यावर चौकोनी पंखा बसवला. प्रत्येक फिल्टरच्या वाट्याला पाचवा हिस्सा हवा. रोझेन्थालनी डब्याला कोर्सींचं नाव दिलं, कोर्सी म्हणाले श्रेय रोझेन्थालचं, आणि शेवटी दोघांचीही नावं चिकटली. पुढे खर्च वाचवायला तळाच्या फिल्टरऐवजी पुठ्ठा आला. पंख्याच्या कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते हे कळल्यावर तिथेही पुठ्ठाच लागला, बहुतेक वेळा पंखा ज्या खोक्यातून आला त्याचाच.