सहा आठवडे कोर्टात काय चाललं होतं?

१ मे जवळ आला की शिकागोच्या हेमार्केटची गोष्ट कुठे ना कुठे वाचनात येतेच. आठ तासांच्या दिवसासाठी संप, संपकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार, त्याच्या निषेधाची ४ मे १८८६ची सभा आणि पोलिसांवर पडलेला बॉम्ब. सात पोलीस मेले, आठ जण दोषी ठरले. ११ नोव्हेंबर १८८७ला चौघांना फाशी झाली. एकाने आदल्या दिवशी तुरुंगातच जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३मध्ये गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी माफी दिली. बॉम्ब कोणी फेकला ते आजही सिद्ध झालेलं नाही. आणि या गोष्टीत एक वाक्य ठरलेलं असायचं: आरोपींविरुद्ध कोर्टात काहीच पुरावा आला नव्हता.

टिमोथी मेसर-क्रूज नावाचे अमेरिकन प्राध्यापक वर्गात हेच शिकवत असत. एकदा वर्गातून प्रश्न आला, खटला सहा आठवडे चालला आणि पुरावाच नव्हता, तर इतके दिवस ते बोलत काय होते? सरांकडे उत्तर नव्हतं. (मी ही गोष्ट इतक्यांदा वाचली, मला हा प्रश्न एकदाही पडला नाही!)

मग ते खटल्याच्या मूळ कागदांकडे गेले. तिथे ११८ साक्षीदार निघाले. गुप्त बैठकांची वर्णनं निघाली. एका आरोपीच्या घरी सापडलेल्या बॉम्बचा धातू आणि मृत पोलिसाच्या अंगातून काढलेला तुकडा यांची रसायनतज्ज्ञांनी केलेली तुलनाही निघाली. त्यावरून काढलेले त्यांचे निष्कर्ष सगळ्या इतिहासकारांना मान्य नाहीत. पण 'काहीच पुरावा आला नाही' हे विधान मात्र कागदासमोर टिकत नाही.

२००९मध्ये त्यांनी इंग्रजी विकिपीडियावरचं ते वाक्य दुरुस्त केलं. काही मिनिटांत दुरुस्ती पुसली गेली. त्यांना सांगण्यात आलं की खटल्याचे कागद हे प्राथमिक साधन, इथे प्रकाशित दुय्यम ग्रंथ लागतात. बरं. २०११मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ते पुन्हा गेले. आता उत्तर मिळालं की बहुसंख्य ग्रंथ जुनंच सांगतात, एकट्याच्या मताला इतकं वजन देता येणार नाही.

मराठी वाचकाला हे उफराटंच वाटणार. राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपल्याला एकच शिकवलंय: आधी अस्सल पत्र, मग बखर. इथे तर दहा बखरी एका पत्राला हरवतायत! राजवाडे विकिपीडियावर असते तर पहिल्या आठवड्यात त्यांना बाहेर काढलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. समोरचा खरंच प्राध्यापक आहे हे तिथे कळणार कसं? २००७मध्ये तिथला एक मातब्बर संपादक उघडा पडला. धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवणारा हा गृहस्थ निघाला चोवीस वर्षांचा, डॉक्टरेट वगैरे काही नसलेला तरुण. त्याला लवाद मंडळावरही नेमलं होतं! माणसावर विसंबता येत नाही, म्हणून छापील पुस्तकावर विसंबायचं. वाद मिटवायच्या सोयीही त्याच घाटाच्या. एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा मजकूर उलटवायचा नाही, हा नियम २००४चा. त्याच वर्षी कामाला लागलेलं लवाद मंडळ कोण कसं वागलं याचा निवाडा करतं, कोणाचा इतिहास बरोबर याचा नाही.

म्हणजे नियम सांगणारे चुकले होते असं मला म्हणवत नाही. पण नियम नीट वाचला तर त्यातही वाट होती. दोन्ही मतं नोंदवायची, कोण काय म्हणतं ते लिहायचं, एवढंच करायचं होतं. ते न करता आधी पुसलं, हे मात्र खटकतं. जाणत्या माणसाने चुकीवर बोट ठेवलं की पहिली प्रतिक्रिया 'आधी नियम वाचून या' अशी येते. आपल्याकडच्या कचेऱ्यांत काय वेगळं होतं म्हणा!

फेब्रुवारी २०१२मध्ये मेसर-क्रूज यांनी हा सगळा अनुभव लिहून छापला. मग संपादकांत जोरदार चर्चा झाली आणि लेख बदलला. त्यात आता त्यांच्या पुस्तकाचा आधारही आहे. २००९मधली त्यांची दुरुस्ती लेखाच्या 'इतिहास' पानावर शोधता येते. कोणी पुसली आणि किती वाजता, तेही तिथे लिहिलेलं असतं.