छऱ्याची रायफल आणि आमच्या गटाचे चार हजार

आमचा बचत गट बारवी धरणाच्या काठचा. शेळीपालन, शिलाई मशीन, मसाल्याची चक्की यांसाठी गटाने कर्ज दिलं, ते आम्ही तुम्हाला सांगत आलो. आज विषय वेगळा आहे. छऱ्याची रायफल, म्हणजे एअर रायफल. तिचा इतिहास आम्हाला आधी माहीत असता, तर गटातून उचललेले चार हजार रुपये वाया गेले नसते.

झालं असं. आमच्या गटातल्या एका वहिनींची लेक दहावीत आहे. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत तिने फुग्यांच्या दुकानावर दहापैकी नऊ फुगे फोडले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हिचा हात स्थिर आहे, हिला शिकवा. वहिनींनी गटातून चार हजार घेतले आणि एकाकडून जुनी बंदूक आणली. विकणारा म्हणाला होता, स्पर्धेचीच आहे. लोकलने जाता येईल अशा एका क्लबात नेली, तर तिथल्या सरांनी ती हातात घेतली, नळी हलवून बघितली आणि न बोलता परत दिली. नळीचा सांधा सैल झाला होता. पोरगी नेम धरायची एकीकडे आणि छरा जायचा दुसरीकडे. वहिनी ते कर्ज अजून फेडतायत. मंजुरीच्या सह्या आमच्या होत्या, म्हणून चूक आमचीही.

मग आम्ही ठरवलं, आता आधी माहिती काढायची.

तसा नेम आपल्या बायकांना नवा नाही. पीक तयार झालं की माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्या आज्या आपण पाहिल्यात. पण गोफणीला ना पैसा लागत होता ना परवाना. बंदुकीचं तसं नव्हतं. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय आपल्या माणसांना हत्यार बाळगणं बंद झालं. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, त्यातही परवाना राहिलाच. हवेच्या दाबाने छरा सोडणाऱ्या बंदुकीला मात्र सवलत आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे नळीचं भोक ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि जोर २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल याच मापाची असते. गरिबाघरच्या मुलीला नेमबाजीचं दार उघडतं ते इथे.

एक गोष्ट इथेच सांगतो. १९७२ साली आपलं बारवी धरण झालं, आणि त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवाना नाही म्हणजे रानातल्या पाखरांवर, माकडांवर छरे मारायची मुभा मिळाली असं नाही. तो गुन्हा आहे. ही रायफल कागदाच्या लक्ष्यासाठी.

आता बायकांच्या हातात ती कशी आली ते बघा. १९४९ मध्ये एनसीसीत मुलींचा विभाग सुरू झाला. रायफल सरकारची, गोळी सरकारची, मुलीने फक्त शिकायचं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची १० मीटर एअर रायफल स्पर्धा पहिल्यांदा झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९८८ मध्ये, मुंबईच्या अंजली वेदपाठक या मुलीने राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळवलं. कीर्ती कॉलेजात ती एनसीसीत होती आणि त्या वाटेने वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये पोचली होती. याच आपल्या अंजली भागवत. २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत त्या पोचल्या आणि पुढे खेलरत्न झाल्या.

सुमा शिरूर याही वरळीतच घडल्या. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवले. मैत्रिणींनो, याचा अर्थ लक्षात घ्या. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. चाळीस छरे, आणि चाळीसही वेळा दहा. आज त्या पनवेलला मुलं घडवतात. पनवेल आपल्यापासून लांब नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. या दोघांच्या त्या स्पर्धा गोळीच्या रायफलीच्या होत्या, छऱ्याच्या नव्हेत. पण स्वप्निल घडला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत.

आम्ही हे सगळं एकमेकींना वाचून दाखवलं, तेव्हा एक काकू म्हणाल्या, “अगं, एनसीसी, क्लब, प्रबोधिनी... सुरुवातीला दुकानात कोणी गेलंच नाही की!” खरंच. आधी नेम, आधी शिकवणारा माणूस. बंदूक नंतर. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

मग पुढे घ्यायची वेळ आली तर कोणती घ्यायची? इथे गंमत आपल्या दाराशीच आहे. बारवी धरण एमआयडीसीने बांधलं. पाणी अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीच्या कारखान्यांना आणि शहरांना गेलं, जमीन इथल्या गावांची बुडाली. उंची वाढवली तेव्हा पुन्हा बुडाली. त्याच अंबरनाथमध्ये आज प्रिसिहोल हा उद्योग हवेच्या रायफली बनवतो. पोलादाच्या दांड्यात लांब, सरळ भोक पाडणारी यंत्रं हे त्यांचं मूळ काम. रायफलीचा जीव नळीत असतो. भोक सरळ, आतल्या पिळाच्या खाचा सारख्या, तरच छरा रोज एका जागी जातो. परदेशी स्पर्धेची रायफल लाखांत जाते. देशी स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते.

स्प्रिंगच्या रायफलीत नळी मोडून स्प्रिंग दाबायची असते. चाप ओढला की ती हिसका देते, म्हणून नेम धरून ठेवणं अवघड जातं. पण दुरुस्ती सोपी आणि पंपाचा खर्च नाही. दाबलेल्या हवेच्या टाकीची रायफल हिसका देत नाही, पण महाग असते आणि हवा भरायला पंप किंवा सिलिंडर लागतो. सुरुवातीला स्प्रिंगची चालते. भोक साडेचार मिलिमीटरचंच हवं, वजन मुलीच्या खांद्याला पेलणारं हवं, आणि पुढेमागे पीप साइट, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची चकती, बसवता यायला हवी. जोर जास्त म्हणजे रायफल चांगली, हे दुकानदाराचं बोलणं ऐकू नका. कागदाला जोर लागत नाही. जुनी घेत असाल तर क्लबच्या सरांच्या हाताखालून जाऊ द्या, त्यांच्यासमोर एकाच ठिपक्यावर दहा छरे मारून बघा. पक्की पावती घ्या. छरा भरल्याशिवाय चाप ओढू नका, स्प्रिंग बिघडते. छरे शिशाचे असतात, हात धुवूनच जेवायला बसा.

शेवटी आमचा निर्णय. गटाने वहिनींना नवं कर्ज रायफलीसाठी दिलं नाही. सहा महिन्यांचं क्लबचं शुल्क, छरे आणि बदलापूरहून पुढचा लोकलचा पास एवढ्यापुरतं दिलं. रायफल क्लबचीच. जुन्या चार हजारांचं व्याज आम्ही सोडलं, कारण सह्या आमच्या होत्या. सहा महिन्यांनी सर म्हणाले तर देशी रायफल घेऊ, पण ती गटाच्या नावावर आणि कुलपात, म्हणजे मागून येणाऱ्या मुलींनाही वापरता येईल.

पोरगी आता शनिवार-रविवार पहाटेची बस धरते. कालच वहिनी वहीतला लक्ष्याचा कागद घेऊन बैठकीला आल्या होत्या. दहाच्या ठिपक्याला अजून एकही भोक नाही. पण सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. सर म्हणाले, ठिपका पुढे येईल, आधी भोकं एका जागी यायला हवी होती.

तुमच्या गटाकडे असं काही मागणं आलं, तर हसून टाळू नका आणि घाईने सहीही करू नका. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.