हॉटेलच्या कागदावरचा हक्क

१९४३ साल संपत आलं होतं. युरोपात आणि पॅसिफिकच्या बेटांवर महायुद्ध पेटलेलं होतं. अशा वेळी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलातल्या एका खोलीत ५३ वर्षांचे एक वकील टेबलाशी बसून लिहीत होते. कागद हॉटेलचाच, वर हॉटेलचं नाव छापलेला. लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, असं कित्येक दिवस चाललं. त्या हाताने लिहिलेल्या कच्च्या मसुद्यातून पुढे एक कायदा झाला आणि त्या कायद्याने लाखो सैनिकांच्या हातातली बंदूक घेऊन तिथे वही दिली. त्या वकिलांचं नाव हॅरी कोलमरी. आज त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

कोलमरींचा जन्म १८९० सालचा. पेनसिल्व्हेनिया राज्यात पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रॅडकच्या परिसरात ते जन्मले. ओबर्लिन कॉलेजातून पदवी घेतली, पिट्सबर्ग विद्यापीठातून १९१६ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. वकिलीचा काळा कोट अंगावर चढतो न चढतो तोच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. कोलमरी सैन्याच्या हवाई दलात लेफ्टनंट झाले आणि नव्या वैमानिकांना विमान चालवायला शिकवू लागले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते कॅन्सस राज्यातल्या टोपीका या गावी आले, तिथे वकिली थाटली आणि तिथलेच होऊन गेले.

पण गणवेश उतरवला म्हणून सैनिकपण उतरत नाही. त्याच सुमाराला परतलेल्या सैनिकांनी ‘अमेरिकन लीजन’ नावाची संघटना उभी केली होती. कोलमरी तिच्यात काम करू लागले आणि १९३६-३७ साली तिचे राष्ट्रीय प्रमुख झाले. मधल्या सतरा-अठरा वर्षांत त्यांनी जे पाहिलं, ते समजून घेतल्याशिवाय हॉटेलच्या कागदावरचं लेखन समजणार नाही.

काय पाहिलं त्यांनी? पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकाला सरकारने साठ डॉलर आणि घरी जायचं तिकीट दिलं. झालं, फिटली परतफेड! गावी आला तर त्याची नोकरी दुसऱ्याने घेतलेली, शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं. घरी राहिलेले लोक युद्धाच्या तेजीत कमावून पुढे गेलेले. पुष्कळ आरडाओरड झाल्यावर १९२४ मध्ये भरपाईचा कायदा झाला. देशात केलेल्या सेवेच्या प्रत्येक दिवसाला एक डॉलर आणि परदेशातल्या दिवसाला सव्वा डॉलर. मात्र बहुतेकांच्या हाती पैसे नव्हे, प्रमाणपत्र आलं. त्याचे पैसे मिळणार १९४५ साली, किंवा त्याआधी सैनिक मेला तर त्याच्या वारसाला. सैनिकांनी त्याला नाव ठेवलं ‘थडग्यावरचा बोनस’.

पुढे महामंदी आली. घरात चूल पेटेना. १९३२ च्या उन्हाळ्यात सुमारे वीस हजार माजी सैनिक, कुणी बायकापोरांसह, राजधानीत येऊन बसले. आमचे पैसे आत्ताच द्या, एवढीच मागणी. ॲनाकोस्टिया नदीकाठी त्यांनी पत्र्याच्या आणि खोक्यांच्या झोपड्या उभारल्या. सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. या झोपड्यांमध्ये मात्र ते शेजारी-शेजारी राहत होते. भूक ही फार समतावादी असते. सिनेटने मागणी फेटाळली. २८ जुलैला आधी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक कोसळले, आणि मग जनरल मॅकआर्थर यांच्या हुकमतीखाली घोडदळ, पायदळ आणि रणगाडे आले. अश्रुधूर सोडला गेला, झोपड्या जळाल्या. देशाच्या सैन्याने देशाच्याच जुन्या सैनिकांना राजधानीतून हुसकावलं. बोनस अखेर १९३६ मध्ये मिळाला, तोही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार मोडून.

आता १९४३ च्या डिसेंबरात पुन्हा या. या वेळी गणवेशात युद्ध संपेपर्यंत सुमारे १ कोटी ६० लाख माणसं जाणार होती. ती सगळी एकदम परत आली तर? पुन्हा झोपड्या, पुन्हा रणगाडे? सरकारच्या मनात ही भीती होती. सरकारी समितीने सुचवलं होतं की सगळ्यांना एक वर्षाचं शिक्षण द्यावं आणि त्यापुढचं निवडक हुशारांना. लीजनने इलिनॉयचे माजी गव्हर्नर जॉन स्टेल यांच्या अध्यक्षतेखाली आपली समिती नेमली आणि लेखणी कोलमरींच्या हाती दिली.

कोलमरींचा विचार वकिलाचा होता, आणि सरळ होता. सैनिकाला देशाने काही बक्षीस द्यावं, असं ते म्हणत नव्हते. युद्ध झालं नसतं तर हा तरुण आज जिथे असता, तिथवर त्याला पोचवणं हे देशाचं देणं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण घेतलेली वर्षं परत देता येत नाहीत. पण त्या वर्षांत तो जे शिकला असता, जे घर त्याने बांधलं असतं, त्याची सोय करता येते. खैरात आणि हक्क यांतला फरक त्यांनी कलमांच्या भाषेत उतरवला. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्काला मर्जी लागत नाही. निदान लागू नये.

मसुद्यात शिक्षण, घर, शेत किंवा धंद्यासाठी कर्जाची हमी, नोकरी मिळेपर्यंत बेकारभत्ता, रुग्णालयं, असं सगळं एकत्र बांधलेलं होतं. विधेयकाचं अधिकृत नाव लांबलचक आणि रुक्ष. लीजनच्या प्रसिद्धी विभागातल्या जॅक सेजनार यांनी त्याला सुटसुटीत नाव दिलं, ‘जी. आय. बिल ऑफ राइट्स’. शब्दांशी खेळणाऱ्या माझ्यासारख्याला हे नाव फार बोलकं वाटतं. अमेरिकन शिपाई स्वतःला थट्टेने ‘जी. आय.’ म्हणत, सरकारी शिक्क्याचा माल, असा त्याचा अर्थ लावत. बूट सरकारी, पट्टा सरकारी, तसा माणूसही सरकारी. त्या ‘माला’च्या शेजारी ‘हक्कांची सनद’ हे शब्द ठेवल्याबरोबर मालाचा पुन्हा माणूस झाला.

विरोध झालाच. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना वाटलं, यामुळे विद्यापीठं शिक्षणाच्या नावाखाली भटकणाऱ्यांचे अड्डे होतील. अपंग सैनिकांच्या संघटनेला धास्ती की, सगळ्यांना वाटताना ज्यांनी हातपाय गमावले त्यांच्या ताटातलं कमी होईल. तरीही मार्च १९४४ मध्ये सिनेटने आणि मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने विधेयक एकमताने मंजूर केलं. अडलं ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत. तिथे प्रतिनिधिगृहाच्या बाजूचे प्रमुख होते मिसिसिपीचे जॉन रँकिन, उघड वंशवादी. त्यांना खुपत होता आठवड्याला वीस डॉलरचा बेकारभत्ता. दक्षिणेत काळा मजूर कापसाच्या शेतात जे कमवी, त्याहून तो जास्त होता. काळ्या सैनिकाला वीस डॉलर मिळाले तर तो आमच्या शेतात वाकेल कशाला, ही खरी मेख होती.

प्रतिनिधिगृहाच्या गटात मतं तीन विरुद्ध तीन. सातवे सभासद जॉर्जियाचे जॉन गिब्सन. ते आजारी म्हणून घरी गेलेले. त्यांच्या वतीने मत देण्याचा अधिकार रँकिनकडे होता, पण रँकिन तो वापरायला तयार नव्हते. तिकडे ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोरं उतरली होती, मरत होती; इकडे त्यांचं विधेयक एका मतासाठी शेवटच्या घटका मोजत होतं. लीजनच्या लोकांनी रातोरात गिब्सनना शोधून काढलं, पावसातून मोटारीने विमानतळावर नेलं आणि १० जूनच्या सकाळी वॉशिंग्टनला आणून उभं केलं. एका मताने कायदा वाचला. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्टनी सही केली.

पुढचं सगळं नवलाचं आहे. ज्याने किमान ९० दिवस सेवा केली, त्याला सेवेच्या मुदतीनुसार चार वर्षांपर्यंत शिक्षण. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरणार, शिवाय पोटापाण्यासाठी महिन्याला ५० डॉलर, कुटुंब असेल तर ७५. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी या योजनेतून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. त्यांतले २२ लाख कॉलेजात गेले. १९४७ साली अमेरिकेच्या कॉलेजांतल्या जवळपास निम्म्या जागांवर माजी सैनिक बसलेले होते. घरकर्जं तर १९५२ पर्यंतच सुमारे २४ लाख. आणि ज्या बेकारभत्त्याची इतकी भीती घातली, त्यासाठी राखलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही खर्च झाला नाही. माणसांना फुकटचं खायचं नव्हतं, कामाचं व्हायचं होतं.

गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. पण मग ती अर्धीच राहील.

कायद्याच्या मजकुरात गोरा-काळा असा शब्द कुठेही नव्हता. पण हक्क हातात पडायचा तो स्थानिक माणसांच्या हातून. सरकार कर्जाची हमी देणार, कर्ज मात्र गावातली बँक देणार. आणि बँकेचा मॅनेजर गोरा. नोकरीच्या कचेरीतला कारकून गोरा. तो प्रशिक्षित काळ्या सैनिकाला झाडू मारायच्या कामावर पाठवी आणि त्याने नकार दिला तर त्याचा भत्ता बंद. दक्षिणेतल्या विद्यापीठांची दारं काळ्यांना बंद. त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली कॉलेजं लहान, तिथून जागेअभावी हजारोंना परत फिरावं लागलं. १९४७ साली मिसिसिपीत केलेल्या एका पाहणीत घर, धंदा आणि शेतीसाठीची ३,२२९ हमी-कर्जं मोजली गेली. त्यांतली काळ्या सैनिकांना मिळालेली किती? दोन. समितीच्या खोलीत रँकिन एका मताने हरले होते. गावागावांच्या खिडक्यांवर मात्र ते जिंकले.

याच मिसिसिपीतला मेडगर एव्हर्स हा तरुण १९४३ मध्ये सैन्यात गेला, युरोपात लढाईच्या दिवसांत राबला, सन्मानाने परतला. १९४६ च्या जुलैत, वयाची २१ वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, तो आपल्या गावात मत द्यायला गेला, तर हत्यारबंद गोऱ्यांनी त्याला परतवलं. पण कोलमरींच्या कायद्याने त्याला काळ्यांसाठीच्या अल्कॉर्न कॉलेजात शिकता आलं. १९५२ मध्ये तो पदवीधर झाला. पुढे त्याला वकील व्हायचं होतं. १९५४ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या कायदा शाखेने त्याचा अर्ज नाकारला. तो नागरी हक्कांच्या चळवळीत उतरला आणि १२ जून १९६३ रोजी स्वतःच्या घराच्या अंगणात पाठीत गोळी लागून पडला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्याला मूठमाती दिली गेली. मेलेल्या सैनिकाला जी जमीन बिनदिक्कत मिळाली, तिच्यावर जिवंतपणी घर बांधायला त्याच्या भावंडांना कर्ज मिळत नव्हतं.

मग कोलमरी अपयशी ठरले का? मला तसं वाटत नाही. ज्या संघटनेचे ते नेते होते, तिच्याही दक्षिणेतल्या शाखा रंगावरून विभागलेल्या होत्या. ती त्या काळाची मर्यादा होती आणि तिच्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्यांनी ‘सगळ्यांना’ हा शब्द कागदावर लिहून ठेवला. एकदा तो शब्द लिहिला गेला की ज्याला वगळलं त्याला बोट ठेवायला जागा मिळते. एव्हर्सने ज्या पदवीच्या बळावर पुढच्या दारावर थाप मारली, ती पदवी त्या शब्दानेच दिलेली होती.

कोलमरी १९५० मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे राहिले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. पुन्हा टोपीकातली वकिली, पुन्हा सैनिकांची कामं. १९७९ मध्ये ८८ व्या वर्षी ते गेले. टोपीकातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाला त्यांचं नाव जोडलेलं आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सैनिकांच्या शिक्षणाचा नवा कायदा झाला, त्यालाही त्यांचंच नाव दिलं गेलं. २०१३ पासून सेवामुक्त झालेल्यांसाठी पूर्वीची पंधरा वर्षांची मुदत त्याने काढून टाकली. आता त्या सैनिकाने हवं तेव्हा शिकावं, पन्नाशीत का होईना. हक्क शिळा होत नाही, असं जणू त्या कायद्याने मान्य केलं.

आपण युद्धांचा इतिहास वाचतो तो सेनापतींचा. कोण जिंकलं, कोण हरलं. पण युद्धाचा खरा ताळेबंद शिपाई घरी परतल्यावर मांडला जातो, आणि तो मांडायला हातात लेखणी घेऊन कुणीतरी बसावं लागतं. कोलमरी बसले. ताळेबंदातल्या काही रकाने रिकामे राहिले. ते भरायला पुढच्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. पण वहीच उघडली नसती, तर कुठला रकाना रिकामा आहे हे तरी कुणाला कळलं असतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)