एक नाव, दोन निवडुंग

जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, चौथ्या अध्यायात, दुष्काळाच्या दिवसांतील एका स्वयंपाकाची हकीकत आली आहे. गिलगाल येथे अलीशा संदेष्ट्याभोवती शिष्य जमले होते आणि त्यांच्यासाठी कालवणाचे मोठे भांडे चुलीवर चढले होते. एक जण रानात भाजीपाला शोधावयास गेला. त्याला एक रानवेल दिसली. तिची फळे त्याने ओटीभर गोळा केली आणि ती कशाची आहेत हे न जाणता चिरून भांड्यात टाकली. जेवावयास बसलेल्यांनी चव घेताच भांड्यात मृत्यू असल्याची ओरड झाली. अलीशाने त्यात पीठ टाकून संकट निवारले. ती फळे कडू इंद्रावणाची असावीत, असे अनेक भाष्यकार मानतात. आपल्याकडे ज्याला कडू वृंदावन म्हणतात, तेच हे फळ.

या प्रसंगातील चमत्कारावर पुष्कळ प्रवचने झाली आहेत. आम्हांला मात्र राहून राहून तो रानात गेलेला माणूस आठवतो. तो लोभी नव्हता, आळशी नव्हता. भुकेल्यांसाठीच तो गेला होता. त्याच्यापाशी फक्त ओळख नव्हती. रानच्या फळांची ही ओळख आपल्या पूर्वजांनी कशी जपली आणि ती कोठे साठवून ठेवली, याचा शोध या लेखात घ्यावयाचा आहे. त्यासाठी आम्ही वाचकांना धाराशिव जिल्ह्याच्या बांधांवर नेत आहोत.

वसईकडील वाचकांना धाराशिव आठवेल ते २०२० च्या जानेवारीत तेथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे. त्या संमेलनाचे अध्यक्ष आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हा जानेवारीचा काळ म्हणजे बालाघाटाच्या माळावर बोरे पिकण्याचा काळ. त्याच सुमारास, नाताळाच्या आगेमागे, धाराशिव व लातूरकडे वेळा अमावास्या येते. घरेच्या घरे शेतावर जातात, ज्वारीची आंबील पितात, भज्जी-भाकरी खातात आणि वाटेने येणाऱ्या परक्यालाही आग्रहाने जेवू घालतात. मुले त्या दिवशी बांधाबांधाने हिंडतात. बांध हीच त्यांची शाळा आणि बांधावरची काटेरी झुडपे हेच त्यांचे पुस्तक.

या पुस्तकाची काही पाने फार जुनी आहेत आणि काही चार-पाचशे वर्षांपलीकडची नाहीत. बोर जुने. त्याचा एक भाऊबंद पॅलेस्टाइनच्या भूमीवर वाढतो. ख्रिस्ताच्या मस्तकावरील काटेरी मुकुट त्याच्याच फांद्यांचा होता, अशी परंपरा असून त्याच्या लॅटिन नावातही ख्रिस्ताचा काटा आहे. त्रिधारी निवडुंग, एरंड, लाल कण्हेर हीही येथे फार काळापासून रुजलेली. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपची जहाजे अमेरिकेला पोहोचली आणि त्यानंतरच्या काळात त्या खंडातील झाडे समुद्रमार्गे हिंदुस्थानात येऊ लागली. या प्रवासात पोर्तुगीजांचा वाटा मोठा होता. काजू, पेरू व सीताफळ ही त्यांतली गोड पाहुणी. बालाघाटाच्या उतारावर सीताफळ तर असे रमले, की ते परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. परंतु याच पाहुण्यांबरोबर कुंपणाला सोयीची म्हणून आणखी काही झाडे आली, आणि खरी गफलत तेथून सुरू होते.

नव्या झाडाला गावकऱ्यांनी नाव कसे दिले असेल? जे झाड डोळ्यांपुढे होते त्याचेच नाव घेऊन त्याला एक विशेषण जोडले. काटेरी, मांसल, कुंपणाला लावण्यासारखे ते निवडुंग. म्हणून नागफणीसारख्या पसरट फड्यांचा नवा काटेरी पाहुणा झाला फड्या निवडुंग. बियांतून तेल निघते तो एरंड. म्हणून परदेशातून आलेला तसाच दुसरा तो मोगली एरंड. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची, लांबट पानांची ती पिवळी कण्हेर. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग यांचे नातेही नाही; एकाचे कूळ अमेरिकेतले, दुसऱ्याचे जुन्या जगातले. नाव मात्र एकच. सारा भेद त्या एका विशेषणात साठवलेला आहे. विशेषण गळाले की ओळख गेली.

या दोन निवडुंगांचा भेद पाहण्यासारखा आहे. त्रिधारी निवडुंगाला ओरखडा पडला की पांढरा चीक भळभळतो. तो अंगावर फोड आणतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीला अपाय करतो. फड्या निवडुंगाच्या फड्याला चीक नसतो. त्यातून निघतो तो बुळबुळीत, पाणेरी रस. त्याची जांभळट लाल बोंडे खाता येतात, पण वरची बारीक कुसळे आधी विस्तवावर जाळून घ्यावी लागतात; नाहीतर ती जिभेत रुततात. म्हणजे एकाच नावाच्या दोन झाडांपैकी एक डोळे घेणारे आणि दुसरे तहान भागवणारे. दुष्काळात फडे भाजून, काटे जाळून ते गुरांनाही घालत.

सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत गल्लत करण्याचा दोष केवळ अडाण्यांच्या माथी मारू नये. ईस्ट इंडिया कंपनीनेही ती केली, आणि तिची कथा याच फड्या निवडुंगाशी निगडित आहे. अस्सल किरमिजी रंग देणारा किडा मेक्सिकोत निवडुंगावर पोसला जाई, आणि त्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडावी म्हणून कंपनीने हिंदुस्थानात तो किडा वाढविण्याचे ठरविले. १७९५ साली ब्राझीलहून कलकत्त्यास किडे आणले गेले. परंतु ते अस्सल नव्हते. दिसावयास तसेच, पण रंग हलका देणारे रानटी जातीचे होते. रंगाचा व्यापार फसला. त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली आणि दुसरीला तोंडही लावले नाही. ही दुसरी जात दक्षिणेत इतकी माजली, की शेते, पायवाटा व गावठाणे तिने वेढून टाकली. अखेर १९२६ साली सिलोनमधून आणखी एका जातीचा किडा आणला गेला आणि पुढील काही वर्षांतच दक्षिण हिंदुस्थानातील तिची दाट बने ओसरली. माणसांना जो भेद दिसला नाही, तो या किड्यांना अचूक कळत होता, ही यातील खरी मौज.

आता बोराकडे वळू. बोराचाच एक सखा घोटबोर. काटे तसेच, पानांचा थाट तसाच, फळही गोल. पण बोर पिकले की पिवळे-तांबूस व मऊ होते, आणि आत एक आठळी निघते. घोटबोर पिकूनही करड्या लवेने माखलेले व लाकडासारखे टणक राहते. चर्मकार त्याचा उपयोग कातडे काळे करण्यासाठी करीत. म्हणजे ज्याला पोटात स्थान नाही त्यालाही कामात स्थान होते, आणि म्हणूनच त्याचे वेगळे नाव टिकले. उपयोग संपला की नाव विसरले जाते आणि नाव विसरले की भेदही विसरला जातो.

घोटबोर दाताला हरवते, एवढेच. पिवळ्या कण्हेरीचे तसे नाही. करवंद आणि पिवळी कण्हेर ही दोन्ही एकाच कुळातील. दोहोंनाही पांढरा चीक, दोहोंचीही फळे आधी हिरवी व पिकल्यावर काळी. चीक असेल ते विषारी, असा नियम बांधणाऱ्याला करवंद खोटे ठरवते, आणि काळे झाले म्हणजे पिकले, असे म्हणणाऱ्याचा कण्हेर घात करते. तिचे विष थेट हृदयावर चालते. म्हणून एका खुणेवर न विसंबता चार खुणा पाहाव्या लागतात. करवंदीला जोडकाटे असतात, कण्हेरीला काटा नसतो. करवंदीचे पान रुंद व जाडसर, कण्हेरीचे सुरीच्या पात्यासारखे निमुळते. करवंदीचे फूल पांढरे, कण्हेरीचे पिवळे. करवंदात लहान चपट्या बिया, तर कण्हेरीच्या फळात एकच कठीण बिट्टी. या चारही खुणा जुळल्याखेरीज फळ ओटीत घेऊ नये.

आणि ज्यांचा भरवसा जिभेवर आहे त्यांना मोगली एरंड सावध करतो. त्याच्या काळ्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतच असतात. गिलगालच्या शिष्यांना जिभेने वाचवले. या मुलांना जीभ वाचवीत नाही.

येथे आपल्या घरातील एका रिवाजाकडे येणे प्राप्त आहे. वसई, मुंबई, गोवा येथील अनेक कॅथलिक कुटुंबांत नाताळासाठी घरी वाइन घालण्याची चाल आहे; कोणी काळ्या द्राक्षांची, कोणी जांभळांची, कोणी बोरांची घालतात. फळे मद्यार्कात मुरवून, साखर घालून मधुर पेये करण्याची परंपरा तर ख्रिस्ती जगात दूरवर पसरली आहे. माल्टा बेटावर शेतांच्या कडेने हाच फड्या निवडुंग उभा असतो, आणि त्याच्या बोंडांपासून केलेल्या मद्याला त्याच फळाचे नाव, बाय्त्रा, दिलेले आहे. फ्रान्समधील कार्थुसियन मठवासीयांना १६०५ साली एका औषधी अर्काची हस्तलिखित कृती मिळाली. त्यातून पुढे सिद्ध झालेल्या शार्त्रूझ या पेयात १३० वनस्पती पडतात, आणि त्यांची नेमकी पारख आजही मोजक्याच मठवासीयांपाशी असते.

मठवासीयांची ही दक्षता उगीच नाही. ताजे फळ कडू लागले तर माणूस थुंकून टाकतो. बरणीत मात्र साखर कडूपणा झाकते, आणि फळातील विष मद्यार्कात उतरून प्रत्येक पेल्यात जाते. मुरवल्याने विष मरत नाही. बरणीवर घरातील सारे, आणि नाताळाला आलेले पाहुणेही, विश्वास टाकतात. एका हाताची चूक अनेकांच्या ओठी जाते, हेच अलीशाच्या भांड्याचे सांगणे आहे. शिवाय परवान्याशिवाय मद्य तयार करणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे गुन्हा ठरते, हेही आपण जाणून असावे. बोराचे सरबत वा करवंदाचा मुरंबा केला तरी सणाला उणेपण येत नाही, आणि ओळखीची गरज तेथेही तितकीच असते.

सारखेपणा आणि एकरूपता यांतील हा भेद ख्रिस्तसभेनेही काटेकोरपणे पाळला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ व्या कलमानुसार मिस्साबलिदानासाठी द्राक्षवेलीच्या फळाचा, न बिघडलेला, नैसर्गिक द्राक्षारसच लागतो. जांभळाचा रस रंगाने कितीही तसा दिसला, तरी तो वेदीवर चालत नाही. धाराशिवच्या मातीला हा द्राक्षारस अगदीच अनोळखी नसावा. या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात तगरचा माल भडोच बंदरास जात असल्याचे आणि त्याच बंदरात इटलीचा द्राक्षारस उतरत असल्याचे नमूद आहे.

आज बांधावर तारेचे कुंपण येते. तार कोणाला विषबाधा करीत नाही हे खरे, पण ती काही शिकवीतही नाही. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात फळे तोडण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे शिकण्यासाठी उरला तो आपल्या किंवा शेजाऱ्याच्या शेताचा बांध. वेळा अमावास्येला मुलांना तेथे न्यावे, शेतावरच्या आजीला पुढे घालावे आणि तिच्या तोंडून प्रत्येक झाडाचे नाव विशेषणासकट वदवून घ्यावे. नुसते निवडुंग नव्हे, फड्या निवडुंग. नुसते बोर नव्हे, घोटबोर. नुसती कण्हेर नव्हे, पिवळी कण्हेर. पूर्वजांनी आपल्यासाठी राखलेला इशारा त्या लहानशा शब्दातच आहे, आणि तो गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही.